कुंपणावरून हाक

आमच्या बाईंच्या घरात विचारल्याशिवाय आजवर वारासुद्धा शिरलेला नाही. एकदा उन्हाळ्याच्या तोंडाला अंगणातून वावटळ उठली, पाचोळा गोल फिरत दाराशी आला, तेव्हा बाई उंबऱ्यात उभ्या राहून तिला म्हणाल्या, "तिकडून जाय." आणि वावटळ तिकडून गेली. मी तिथंच खाटेवर पडलो होतो. अंगात ताप होता हे खरं, पण शेजारच्यांनीही पाहिलं आहे. बाईंच्या मांजरालाही उंबऱ्याबाहेर एकदा ओरडावं लागतं, मगच ते आत येतं. निवडणुकीत मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी तांदूळ निवडून होईपर्यंत कुंपणाबाहेर उभं केलं होतं. मग आत बोलावलं, चहा दिला, त्याचं ब्लडप्रेशर मोजलं आणि भाषणं कमी करा असं सांगून वाटेला लावलं. तो निवडून आला की पडला ते माहीत नाही, पण बाई म्हणतात की भाषणं कमी केली असतील तर जिवंत असेल.

बाई म्हणजे रिटायर झालेल्या नर्सबाई. मूळच्या आरमोरीकडच्या. भामरागडच्या पुढं नाल्यापलीकडं एक गाव आहे, तिथं त्यांची बदली झाली. बाकीचे लोक तिथली बदली रद्द करून घ्यायला धडपडायचे आणि बाईंनी रिटायर झाल्यावरही गाव सोडलं नाही. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण बाईंना विचारलेलं नाही.

त्यांच्या या विचारण्यामागं कारण आहे. नवीन नवीन असताना त्या एकदा सुईची पेटी घेऊन सरळ एका घरात शिरल्या, तर ते घरच नव्हे, आख्खं गाव जंगलात पळालं. संध्याकाळपर्यंत बाई रिकाम्या गावात एकट्या बसल्या होत्या, सोबत कोंबड्या. मग एका म्हातारीनं येऊन त्यांना इथली रीत समजावली. बांबूच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं, हाक द्यायची, आतून 'ये' म्हटलं की आत पाऊल टाकायचं. नाही म्हटलं तर उभं राहायचं. बाई उभ्या राहायला लागल्या. कधी कधी म्हणे दुपार टळायची, पण एकदा 'ये' म्हटलं की त्या घरातलं एकही पोर लशीवाचून राहायचं नाही. नोकरीभर हे केल्यावर ते अंगात मुरलं, आणि आता त्या स्वतःच्या कपाटाचं दार उघडण्याआधीही बोटानं टकटक करतात. मी हसलो तर म्हणाल्या, "पाल असते त्याच्यात. दचकते ना ते."

दुसरी सवय स्पिरिटच्या बोळ्याची. नोकरी संपली तरी बोळा हातातून सुटलेला नाही. मोबाइल आला की आधी पुसायचा, मग कानाला लावायचा. नारळ फोडायच्या आधी पुसतात. माझ्या वाढदिवसाला (तो कधी हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच एक दिवस ठरवून टाकला होता) त्यांनी मला एक पेन दिलं, तेसुद्धा पुसून, आणि मी ते खिशाला लावलं तेव्हा खिसा पुसला.

माझं म्हणाल तर मी सोलापूर जिल्ह्यातला, सांगोल्याकडचा; बाई मला सोलापूरच म्हणतात. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली की तिनं मला सोडलं, यावर घरात दोन मतं आहेत. सोलर पॅनेल बसवणाऱ्या टोळीबरोबर फिरत फिरत इकडं आलो. आमच्याकडं झाड दिसलं की माणूस त्याच्याखाली बसतो. इथं पहिले काही दिवस मी झाडं नसलेली जागा शोधायचो, जरा मोकळं बसावं म्हणून. शाळेच्या छपरावर पॅनेल चढवता चढवता मला हिवतापानं गाठलं. टोळीला पुढच्या गावाची घाई होती. मला वऱ्हांड्यात ठेवून ती निघून गेली. बाई आल्या, आणि शुद्ध हरपलेल्या माणसासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, हात लावू का म्हणून. लोक सांगतात की मी कण्हलो, ते त्यांनी 'हो' धरलं. त्यानंतर त्यांच्या खाटेवर मी किती दिवस होतो ते मला नीट सांगता येणार नाही, पण पहिल्यांदा भात गिळला तेव्हा बाई बाहेर जाऊन शेजारणीला सांगून आल्या एवढं आठवतं.

बरा झालो तशी भीती सुरू झाली. आता जायचं कुठं? घरी जाऊन काय सांगायचं? तेव्हा आलापल्लीत एका छोट्या संस्थेचं ऑफिस होतं. पाऊस किती पडला, नाल्याला पाणी किती चढलं, हे जंगलातल्या गावांतून मोजून खालच्या गावांना वेळेवर कळवायचं, असं काम. तिथले साहेब नागपूरचे, चांगला माणूस, पण सतत बोटं मोडायचे. बाई मला बसमध्ये घालून त्यांच्यासमोर घेऊन गेल्या. साहेबांनी विचारलं की शिक्षण किती. मी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "मी नाई विचारलं. तुमी बी नका विचारू."

साहेबांनी मला पावसाळा संपेपर्यंत ठेवून घेतलं. पावसाळाभर सगळ्या गावांचे आकडे न चुकता आले तर पुढं कायम, नाहीतर मोकळा. बाकीच्या गावांचे आकडे सुरळीत यायचे, अडायचं ते एकाच ठिकाणी, त्यामुळं तेव्हापासून माझं सगळं आयुष्य एका साबणाच्या वडीएवढ्या संगणकावर टांगलेलं होतं.

तो संगणक बाईंच्याच घरात होता. आरोग्य उपकेंद्राचं छप्पर गळायचं, म्हणून बाईंनी त्याला घरात जागा दिली होती. एक पत्र्याची पेटी, तिच्यात तो, बाहेर एक जुना मॉनिटर नि कीबोर्ड, वर छपरावर बांबूला बांधलेला, थेट उपग्रहाशी बोलणारा अँटेना आणि सोलरची बॅटरी. पेटीतून एक वायर नाल्यावरच्या पाणी मोजायच्या यंत्राकडं गेलेली. मी आलापल्लीत बसून त्याच्या आत जायचं, आकडे उचलायचे, काही बिघडलं असेल तर इथूनच दुरुस्त करायचं. याला आम्ही रिमोट म्हणतो. पण आत जायचं तर तिकडं संगणकावर एक सेवा चालू असावी लागते. समजा, दारच ते. ज्या इंजिनीअरनं हे बसवलं त्यानं दार हातानं उघडायचं ठेवलं होतं. कीबोर्डवर एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, दार उघडलं. वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला की दार आपलं बंद. बाईंना ती ओळ पाठ होती. प्रत्येक बटण दाबण्याआधी त्या ते बोळ्यानं पुसायच्या आणि एंटरच्या आधी संगणकाला सांगायच्या की जरासं टोचल.

आता गंमत अशी की मी दुरून आत येतो म्हणजे काय, हे बाईंना अगदी पक्कं समजलं होतं. मी येतो. म्हणजे पाहुणा येतो. म्हणून माझी यायची वेळ झाली की त्या अंगण झाडायच्या, केस विंचरायच्या, धुतलेलं लुगडं नेसून मॉनिटरसमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि पेटीपुढं कपभर चहा ठेवायच्या. मी आत असेपर्यंत त्या मला गावातल्या बातम्या सांगत. कुणाची गाय व्याली, कुणाच्या मोहाला फुलं कमी आली, तेंदूपत्त्याला यंदा कोण कोण गेलं. नंतर फोनवर मला दम मिळायचा, "मी एवढं बोलून राह्यली, तं तू हूं बी नाई केला. आईनं शिकवलं नाई का?" मी सांगायचो, बाई, मला ऐकू येत नाही, मी फक्त आकडे बघतो. त्या म्हणायच्या की आकडे बघायले तुले लाज नाई वाटत, आणि दोन शब्द ऐकायले वाटते. तो चहा मग त्याच प्यायच्या. आणि मी गेलो की दार लावून घ्यायच्या, म्हणजे सेवा बंद करायच्या, आणि कधी कधी खात्री म्हणून पेटीची पिनही काढून ठेवायच्या.

म्हणजे दुसऱ्या दिवशी आत जायचं तर आधी बाईंना विचारायला हवं. त्यांचा फोन लागायचा तो फक्त शाळेमागच्या एका टेकाडावर उभं राहिल्यावर. बाई टेकाडावर असतील तर काम झालं, नाहीतर मी आलापल्लीच्या स्टँडवर जाऊन भामरागडच्या बसच्या कंडक्टरला सांगायचो की बाईंना निरोप द्या, उद्या दहाला मी आत येऊ का. तो भामरागडला कुणाला तरी सांगायचा, तो आणखी कुणाला तरी, आणि उत्तर परतीच्या बसनं यायचं. एकदा उत्तर आलं, "उद्या नको, परवा ये. उद्या घर सारवाचं आहे." साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी सगळी बोटं एकदम मोडली. जगात ज्या कामाला एक क्षण लागतो ते आमच्याकडं लाल बसनं होत होतं.

मे महिन्यात पेटी तापली म्हणून बाईंनी तिच्यावर ओला पंचा ठेवला होता. हे मला कळलं तेव्हा त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मिरगाच्या तोंडावर साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, पाऊस लागला की नाला रस्त्यावरून जाईल, बस बंद, फोन बंद, वीज जाऊन येऊन. बाईंच्या हातानं दार उघडण्यावर पावसाळा काढता येणार नाही. संगणक चालू झाला की सेवा आपोआप चालू व्हायला हवी. एका ओळीचं काम आहे, पुढच्या वेळी आत जाशील तेव्हाच करून टाक, बाईंना कळणारही नाही.

खरंच कळलं नसतं. पण ज्या बाईनं मी बेशुद्ध असतानासुद्धा मला विचारलं होतं, तिच्या घराचं दार तिला न सांगता कायमचं उघडं करून ठेवायचं, हे माझ्या हातून होईना. आणि केलं नाही तर काम जाणार. मी बस पकडली.

बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी कुंपणाशी उभा राहून हाक दिली, त्यांनी ये म्हटलं, मी आत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मी वावरात हाओ, घरात कोणी नाई, अन् दार आपल्या आपण उघडंन?"

"हो बाई. पण फक्त मलाच येता येतं. पासवर्ड आहे."

"चोर बी असाच म्हणते."

मी म्हटलं, बाई, मी चोर नाही. त्या म्हणाल्या, "तू नाई रे सोलापूर. पण सवय वाईट. आज तू, उद्या दुसरा. विचारनंच बंद होऊन जाईल."

मला वाद घालता येत नाही. शाळेत असतो तर कदाचित आला असता. बाईंनी बराच वेळ खडे काढले आणि मग मान खाली ठेवूनच विचारलं, "नाई केलं तं काय होते?"

"पावसात आकडे जाणार नाहीत. मला घरी पाठवतील."

बाईंच्या हातातलं सूप थांबलं. कोंबडा येऊन सांडलेले तांदूळ टिपायला लागला तरी त्यांनी त्याला हाकललं नाही, आणि हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्या उठल्या, आत गेल्या, चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि आतूनच म्हणाल्या, "आपल्या आपण उघडू दे मंग. पण आत यायच्या आदी हाक देजो."

मला आधी समजलं नाही. त्यांनी समजावलं. माणूस कुंपणाशी येतो तेव्हा हाक देतो. मी आलापल्लीहून येतो, माझा आवाज पोचत नाही, तर त्या पेटीनं माझी हाक द्यावी. मी आलो की तिनं बोलावं, माझ्याच आवाजात. दुसऱ्याचा आवाज चालणार नाही, कारण मग कोण आलं ते कसं कळणार.

सांगायला सोपं होतं. मी साहेबांना टेकाडावरून फोन लावला. आधी फोनवर बोटं मोडल्याचा आवाज आला. मग म्हणाले की होतं हे, आणि कसं करायचं ते मला ओळीओळीनं सांगितलं. भामरागडहून एक छोटा स्पीकर आणला. अंगणात उभं राहून मी मोबाइलमध्ये माझी हाक भरली, "बाई, येऊ का?" पहिल्यांदा आवाज कापला, दुसऱ्यांदा मलाच हसू आलं, तिसऱ्यांदा नीट आलं, पण शेवटी कोंबडा आरवला. बाई म्हणाल्या राहू दे, घरातलंच आहे. मग मी ती सेवा आपोआप चालू होईल असं केलं आणि पिन काढून, पुन्हा लावून पाहिलं. संगणक उठला, दार उघडलं. मोबाइल अँटेनाच्या नेटला जोडून आत गेलो. पेटी माझ्या आवाजात म्हणाली, बाई, येऊ का, आणि आरवली. अंगणातल्या खऱ्या कोंबड्यानं तिला उत्तर दिलं. बाईंनी पदर सारखा केला आणि पेटीकडं बघून म्हणाल्या, "ये." मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

पाऊस लागला. त्या पावसाबद्दल मी जास्त लिहीत नाही. आमच्याकडं वर्षात जेवढा पडतो तेवढा इथं एका दुपारी पडतो आणि कुणी बघतही नाही. नाला रस्त्यावरून गेला, बस बंद झाली. तरी रोज सकाळी मी आत जायचो आणि दार उघडं असायचं. मग एकदा झड लागली आणि ऊन गेलं. वीज गेली, बॅटरी उतरली. एक सकाळ गेली, दुसरी गेली, तिकडून काहीच नाही. साहेब खिडकीशी बोटं मोडत उभे. माझी पिशवी मी मनातल्या मनात भरून ठेवली होती. सांगोल्याच्या स्टँडवर उतरल्यावर पहिला कोण भेटेल, तो काय विचारेल, मी काय सांगेन, इथपर्यंत माझं झालं होतं. बाईंची काळजी वेगळीच. त्या गावातून काहीच कळत नव्हतं.

आणि एका सकाळी ढग जरा फाटले. तिकडं पॅनेलवर ऊन पडलं असणार. मी सवयीनं आत जायची ओळ टाइप केली आणि दार उघडलं. कुणी उघडलं नव्हतं, कुणाला उघडायला जाताही आलं नसतं, आपलं आपण उघडलं. आकडे सगळे होते, बॅटरी उतरेपर्यंतचे, आणि आत्ताचे. साहेबांनी ते तिथूनच खाली कळवले. मी मात्र हात कीबोर्डवरून काढून बसलो होतो. तिकडं, नाल्यापलीकडं, त्या ओल्या घरात आत्ता माझा आवाज झाला असेल, एवढंच डोक्यात होतं.

रस्ता सुरू झाल्यावर लोकांनी मला सांगितलं की पावसाळाभर काय चाललं होतं. पेटीनं हाक दिली की बाई जिथं असतील तिथून 'ये' म्हणायच्या, न्हाणीतूनसुद्धा. त्या बांधावर गेलेल्या असल्या तर शेजारीण म्हणायची. शेजारीण नसली तर रस्त्यानं जाणारा कोणीही. हाकेला ओ न देणं बरं दिसत नाही. म्हणजे मी कधीच कुणाच्या घरात न विचारता गेलेलो नाही, याला आख्खं गाव साक्षीदार आहे.

झडीतल्या कोऱ्या दिवसांचा हिशेब न धरता साहेबांनी मला कायम केलं. त्याच दिवशी म्हणाले की आता तो स्पीकर काढ, पुढच्या पावसात बॅटरी पुरायची नाही, त्या झडीत तो नसता तर ती आणखी टिकली असती. नुसता बंद करायचा तर तेही इथूनच करता आलं असतं. मी गेलो.

मी नेलेले पेढे बाईंनी पुसले नाहीत, एवढ्यावरून मी ओळखलं की त्या खूश आहेत. मी भीत भीत स्पीकरचं सांगितलं. वाटलं, आता पुन्हा सूप, पुन्हा तांदूळ. बाईंनी पेढा संपवला, बोटं चाटली.

"काढ ना मंग."

"पण बाई, हाक?"

"घरचा माणूस कुंपणावरून हाक देते का, बावल्या?"

मी स्पीकर काढला. वायर गुंडाळताना मला नीट दिसत नव्हतं.

तेव्हापासून मी रोज न बोलता आत जातो. बाई आता केस विंचरत नाहीत, खुर्ची टाकत नाहीत, मी कधी येतो नि जातो त्यांना कळतही नाही. घरचा झालो तसा माझा पाहुणचार संपला. आकडे घेतले तरी मी थोडा वेळ आत रेंगाळतो. तिथं बघण्यासारखं काही नसतं, काळ्या पडद्यावर नुसत्या ओळी.

दिवाळीला सांगोल्याला गेलो. खूप महिन्यांनी गेलो होतो. आईनं मला बघितलं, लगबगीनं नवी सतरंजी काढली, ठेवणीतल्या तांब्यातून पाणी दिलं आणि समोर बसून विचारलं, "किती दिवस हायस?" तिनं चांगल्या मनानंच विचारलं. वाड्यावस्त्यांवरची माणसं मला बघायला आली. मी सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो, आणि उठून स्वतःच्या हातानं मडक्यातलं पाणी घ्यावं की कुणी देईल याची वाट बघावी, हे मला ठरवता येईना.

परत आलो तो सरळ पुढची बस पकडून बाईंकडं गेलो. दिवस मावळत होता. बाई ओसरीवर बसल्या होत्या, गुडघ्याला तेल लावत. पूर्वीपेक्षा लहान दिसल्या. कुंपणाशी माझी पावलं सवयीनं थांबली, तोंड उघडलं होतं, पण मी काही न बोलता फाटक ढकललं. बाईंनी वर बघितलं नाही.

"आला का," त्या म्हणाल्या. "कोंबड्या झाकून घे बरं. मले वाकता नाई येऊन राह्यलं."